आईच्या जाळीवरचा कावळा

आमच्या बाबांना उघडी जमीन बघवत नाही. भिलाईत नोकरी काढलेल्या माणसांचं हे असंच असतं. आम्ही वाढलो त्या सेक्टरमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, क्वार्टरपुढे पेरू, मागे शेवगा, आणि या सगळ्या हिरव्याच्या डोक्यावर कारखान्याची धुराडी. रिटायर झाल्यावर बाबांनी स्मृति नगरला घर बांधलं, तेव्हा आधी झाडांचे खड्डे खणले आणि मग पाया. गवंडी हसत होता. आई हसत नव्हती, पण त्याचं कारण वेगळं होतं आणि ते पुढे येईल.

अहिवाऱ्याच्या रस्त्याला, खाणींच्या बऱ्याच अलीकडे, एक मोठा भाठा आहे. भाठा म्हणजे इकडचं माळरान. लाल मुरूम, घोट्याएवढं गवत, मधूनच एखादी बोर, आणि बाकी नुसतं आभाळ. गावचे लोक तिथे शेळ्या चारतात आणि त्या जमिनीकडून आणखी काही मागत नाहीत. बाबांना मात्र तो भाठा दिसला की अपराध्यासारखं व्हायचं. त्यांची सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेली. भट्टीला चुनखडी लागते, ती या बाजूच्या खाणींतून यायची, म्हणून या रस्त्याला जे जे उघडंबोडकं दिसेल ते आपणच खाल्लं अशी त्यांची ठाम समजूत.

"हे आपल्याच भट्टीत गेलं," ते म्हणायचे. "आपण खाल्लं, तर आपणच भरून देल्लं पायजे."

खरं म्हणजे त्या जागेला कधी कुदळसुद्धा लागली नव्हती. खाणी तिथून पुढे आहेत. तो भाठा पहिल्यापासून तसाच होता, त्याला कोणी ओरबाडलं नव्हतं. पण हे आमच्यापैकी कोणी कुणाला विचारलं नाही, आणि मला कळलं तोवर आम्ही तिथे आमची मेलेली माणसं लावून मोकळे झालो होतो.

म्हणजे असं, की बाबा आणि त्यांच्याबरोबर रिटायर झालेले पाच-सहा जण, सगळे नागपूर-वर्ध्याकडचे, रविवारी सकाळी एकत्र फिरायला जायचे. या लोकांची एक अडचण होती, जी कुणी बोलून दाखवत नसे. गावाकडची शेतं विकली होती, घरं पुतण्यांकडे गेली होती. इथे माणूस गेलं की अस्थी दुर्गला शिवनाथ नदीत सोडायच्या, तेराव्याचं जेवण घालायचं, आणि झालं. जिथे जाऊन उभं राहावं अशी जागाच नाही. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की प्रत्येक गेलेल्या माणसामागे त्या भाठ्यावर एक झाड लावायचं. सरपंचाला विचारलं. एवढे साहेब लोक आले आहेत, म्हणून त्यानेही खुशीने होकार दिला.

कारखान्यातल्या माणसांनी केलेलं काम कच्चं नसतं. मुरमात खड्डे घेऊन त्यात ट्रॅक्टरने काळी माती आणून टाकली. प्रत्येक रोपाला जाळी, तीही बाजारातली लेचीपेची नाही. लोखंडी अँगल, आडव्या पट्ट्या, नट-बोल्ट, वरून हिरवा रंग, पुढे नावाची पाटी. रणगाडा अडला असता. बघता बघता त्या मोकळ्या माळावर छातीएवढ्या उंचीच्या जाळ्यांची रांग उभी राहिली, आणि आमच्या लोकांना ती बघून फार बरं वाटायचं. मलाही वाटायचं, उगाच खोटं कशाला सांगू.

मग आई गेली.

दहाव्याला शिवनाथच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, ओरडत होते, पण खाली एकही उतरला नाही. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मी बोलले, मामा बोलले, नाही नाही ती आश्वासनं दिली. बाबा गप्प उभे होते. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. बाबांना काय वाटत असेल ते मला माहीत होतं. आईला रिटायरमेंटनंतर वर्ध्याजवळच्या तिच्या गावी राहायला जायचं होतं. तिने ते दोनदा सांगितलं, मग सांगणं सोडलं, आणि बाबांनी स्मृति नगरचा प्लॉट घेतला.

आईचं झाड म्हणून आम्ही कवठ लावलं. पाणी घालायला पहिल्या रविवारी गेलो, तर तिच्या जाळीच्या कोपऱ्यावर एक कावळा येऊन बसला. बाबांच्या हातातली कॅन तशीच राहिली. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आली."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मी तरीही काही बोलले नाही, कारण त्यांचा चेहरा तेव्हा घाटावरून परतल्यापासून पहिल्यांदा मोकळा झाला होता. आई गेल्यापासून मी बाबांकडेच राहत होते. पुढच्या रविवारी त्यांनी मला लवकर उठवून आईच्या आवडीची सांबारवडी करायला लावली. सांबारवडी म्हणजे कोथिंबीर भरलेली नागपुरी वडी, तिला वेळ लागतो. मी केली. त्यांनी दोन वड्या आणि पोळीचा तुकडा जाळीच्या पायाशी ठेवला, चार पावलं मागे सरले आणि हात जोडले. कावळा उतरला, खाल्लं, उडून गेला. तेव्हापासून दर रविवारी हे ठरून गेलं. बाकीच्यांनी बघितलं, आणि तेही डबे आणायला लागले. कुणाचा बाप, कुणाची बहीण, जाळीजाळीवर कावळे. आमच्या लोकांनी त्या रविवारांना पितृपक्षासारखं करून टाकलं.

एवढ्या वेळात मी काय करायचं? बाबा अर्धा तास आईपाशी उभे राहायचे. शाळेच्या सहलीसाठी घेतलेली एक दुर्बीण गाडीत पडून होती, ती मी काढली. आणि एके दिवशी समोरच्या मुरमातला एक तुकडा उठून पळायला लागला. पळाला, गपकन थांबला, पुन्हा पळाला. मातीच्याच रंगाचा, डोळ्यावरून पांढरी रेघ, पाय काड्यांसारखे. घरी येऊन पुस्तकात शोधलं तेव्हा कळलं, त्याला मराठीत धाविक म्हणतात. तो झाडावर बसत नाही. घरटं बांधत नाही. उघड्या खड्यांमध्ये अंडी घालतो, आणि ती खड्यांसारखीच दिसतात, एवढंच त्याचं संरक्षण. मग मला कबुतराएवढ्या पखुर्ड्या दिसल्या, चंडोल दिसले, चोचीपाशी पिवळी झालर असलेली टिटवी दिसली, एकदा खोकड दिसलं, मांजराएवढं, झुपकेदार शेपटीचं. जिथे काही नाही म्हणून आम्ही झाडं लावली होती, तिथे हे सगळं होतं.

मला याचं वेडच लागलं. दुर्गला पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे, एका कॉलेजातले सर तो चालवतात. मी त्यात गेले, त्यांना माझा भाठा सांगितला. ते लोक येऊन बघून हरखले. असा न मोडलेला भाठा आता मिळत नाही, सर म्हणाले, कुठे प्लॉट पाडतात, कुठे मुरूम काढतात, आणि उरलेल्यावर लोक पुण्य म्हणून झाडं लावतात. तो जसा आहे तसा चराईला राखून ठेवावा म्हणून पंचायतीशी बोलायचं ठरलं. गटात मला मान आला. माझं आडनाव सासरचं, आईच्या पाटीवरचं आडनाव माहेरचं. जाळ्यांशी माझा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मीही आणू दिलं नाही.

एप्रिलमधली गोष्ट. बाबा आईपाशी होते, मी लांब एका बोरीच्या आडोशाला बसून धाविकाच्या जोडीकडे बघत होते. त्यांची दोन पिल्लं होती, कापसाच्या बोळ्यासारखी, नुकती चालायला लागलेली. आईच्या जाळीवरच्या कावळ्याने खाली उतरून वडी खाल्ली, वर जाऊन चोच पट्टीला पुसली, मान वाकडी केली आणि माझ्या पिल्लांकडे बघितलं. मला समजलं, पण समजून काय करणार. तो उडाला, अलगद उतरला आणि एक उचललं. धाविक पंख पसरून त्याच्या अंगावर धावून गेले. तो पुन्हा आला आणि दुसरंही नेलं. तिकडे बाबा हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

मी दुर्बीण खाली घेतली. मला बाबांची लाज वाटली. त्या कावळ्यापुढे हात जोडून उभा असलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला तो म्हातारा माझा बाप आहे, हे कुणी बघू नये असं वाटलं. आणि त्याच वेळी हेही माहीत होतं, की वडी मी तळली होती. कावळ्याला काय बोल लावायचा? उघड्या माळावर त्याला बसायला जागा नसते, रोजचं खाणं नसतं, म्हणून तो तिथे फारसा येत नाही. आम्ही त्याला उंच बैठक दिली, ताट वाढलं, वरून नमस्कार केला.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात मी भाठ्यावर पुन्हा पिल्लू पाहिलं नाही. अंडी दिसायची, पुढच्या खेपेला नसायची.

मे महिन्यात गट पुन्हा आला. त्यांनी जाळ्या आधीही पाहिल्या होत्या, पण या खेपेला पायाशी पोळीचे तुकडे, भाताचे गोळे आणि वर कावळे असं सगळंच दिसलं. सरांनी एक पाटी वाचली, ती दुसऱ्याच कुणाची होती, आणि म्हणाले, "लगता है कौवों का मैरिज गार्डन खुला है इधर. एक-एक का नाम लिखके टेबल बुक है."

सगळे हसले. मीही हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले, कारण पुढची जाळी आईची होती आणि तिथवर कुणी जाऊ नये अशी माझी धडपड चालली होती. मी त्यांना काहीतरी दाखवायच्या निमित्ताने उलट्या बाजूला नेलं.

बाबांना सांगायचं होतं. मी सुरुवात केली, ती अशी की कुणालाही कीव यावी.

"बाबा, तिथे खायला ठेवत नका जाऊ. कुत्रे येतात."

"येऊ दे. कुत्रेबी खातीन."

"तसं नाही. तिथे पक्षी असतात, जमिनीवरचे."

"मग त्यायलेबी होते थोडंसं," बाबा म्हणाले आणि कोथिंबिरीची जुडी माझ्यापुढे सरकवली. "ताजी भेटली आज."

कसं सांगायचं? की आई येत नाही, तो नुसता कावळा आहे? घाटावर ती आली नाही आणि इथेही आली नाही? मी कोथिंबीर निवडायला घेतली.

शेवटी मी जे केलं ते सांगण्यापेक्षा वाईट होतं. जूनच्या सुरुवातीला मी त्यांना भाठ्यावर नेलं, गाडी लांब उभी केली आणि म्हटलं, आज उतरू नका, थोडा वेळ इथूनच बघा. त्यांच्या मांडीवर डबा होता. मी आदल्या आठवड्यात तिथे धाविकाची अंडी पाहिली होती, कुठे ते मला ठाऊक होतं. काय होणार तेही ठाऊक होतं.

कावळा आला आणि आईच्या जाळीवर बसला. इकडे तिकडे बघत राहिला.

"वाट पाहून राहिली थे," बाबा म्हणाले. त्यांनी दाराला हात घातला.

"थांबा," मी म्हटलं, आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

कावळ्याने बराच वेळ वाट बघितली. मग खाली उतरून चालत चालत गेला, घरातल्यासारखा. धाविक उठला, पंख पाडून लंगडत लांब जायला लागला, की माझ्यामागे ये. कावळा फसला नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांना चांगलं दिसतं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं.

दुर्बीण मला परत देताना त्यांनी तिची दोरी नीट गुंडाळली.

"तुले कधीपासून माईत हाये?"

"एप्रिलपासून."

"अन् तू मले वड्या करून देत राहिली."

पिल्लांसाठी मला रडू आलं होतं, आणि त्याच पिल्लांवर येणाऱ्याला मी दर रविवारी जेवू घातलं होतं, फक्त एका म्हाताऱ्या माणसाशी अवघड बोलायला नको म्हणून. मी गाडी सुरू केली. घराच्या फाटकाशी गाय उभी होती, बाबांनी डबा तिच्यापुढे रिकामा केला.

"कावळा कावळाच असते," ते म्हणाले. "दहाव्याले नाई आली, आता कायले येईन."

मला वाटलं होतं ते खचतील. ते खचले की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून ते कामालाच लागले. आधी सरपंचाला विचारून, त्या भाठ्यावर कधी खाण नव्हतीच, हे पक्कं करून घेतलं. आपल्या मित्रांना घरी बोलावलं आणि सांगितलं, की जाळ्या काढायच्या. जे झालं ते त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. मला एप्रिलपासून माहीत होतं, ही गोष्ट काढली नाही. मी आत चहा करत होते. एक काका फार चिडले.

"तुमचं पाखरू मोठं झालं, अन् आमचा बाप लहान झाला का?"

"तसं नाई," बाबा म्हणाले. "थे जमीन आपण खाल्ली नव्हती. आपल्याले वाटलं, आपण खाल्ली. जे खाल्लंच नाई ते भरून काय देता?"

"अन् झाडाचं काय?"

"आपापल्या घरी न्या. माह्यापासून सुरू करा."

काका चहा न घेता गेले. दोन जण आजही आमच्याकडे येत नाहीत, आणि दोन जाळ्या अजून तिथेच आहेत. बाकीच्यांनी पावसाळ्याचे दिवस लागल्यावर एक रविवार ठरवला. सरांचा गट मदतीला आला. मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं, की ज्यांच्या जाळ्या आहेत ते लोक तयार झाले आहेत. ते लोक कोण, हे सांगायला मला तोवरही जमलं नव्हतं. बाबांनीच ओळख करून दिली, मोठ्या कौतुकाने, "मेरी बेटी. आपके ग्रुप में है ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग बाबा ज्या जाळीपाशी पाना घेऊन बसले होते तिच्या पाटीकडे.

"अंकल, ये किनका है?"

"हमारी मिसेस का."

तो माणूस चांगला आहे, त्याचंच मला पुढे जड गेलं. त्याने बूट काढले. ओल्या मुरमात अनवाणी उभा राहून हात जोडले, आणि म्हणाला, "अंकल, माफ़ कर दीजिए. हम लोगों को पता नहीं था. यहीं खड़े होके हम लोग कितना मज़ाक उड़ाए थे, कितना हँसे थे. मैडम भी साथ में हँस रही थीं, इन्होंने तो कुछ बोला ही नहीं."

त्याला माझी चुगली करायची नव्हती. त्याला फक्त आपली लाज पुसायची होती, आणि ती पुसताना माझी उघडी पडली. जमिनीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांचा पाना नटवर थांबला.

"मैंने ही मना किया था इसको," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "बोला था, किसी को बताना मत. लोग फालतू में संकोच करेंगे. ये तो बेचारी मेरे कारण चुप रही."

त्यांनी मला असं काही सांगितलं नव्हतं. आईच्या जाळीपासून दहा पावलांवर उभं राहून मी हसले होते, हे त्यांना तिथेच, त्या क्षणी, पहिल्यांदा कळलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाबा, असं नव्हतं, मी म्हणायला हवं होतं, सगळ्यांच्या देखत म्हणायला हवं होतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी मान वर केली नाही.

"इकडून धर," ते म्हणाले. "नट नुसता फिरून राहिला."

मी धरलं.